ब्रह्मदेशातली जुनी रोगणी टोपली विकत घेण्याआधी

विक्रीच्या जाहिरातीत बहुतेक वेळा एकच ओळ असते: 'अँटिक बर्मीज लॅकर बास्केट, विणलेला बांबू'. सोबत समोरून काढलेला एखादा चकचकीत फोटो. तेवढ्यावर पैसे भरू नका. अशा टोपलीची हकीकत कळते ती तिच्या बुडावरून, काठावरून आणि आतल्या बाजूवरून. या तीन जागा नीट बघायला शिकलात, तर निम्मी पारख तुमची तुम्हाला करता येईल. उरलेली निम्मी म्हणजे विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारणं, कायदा माहीत असणं आणि वस्तू घरी आल्यावर तिची नासाडी न करणं.

आधी वस्तू ओळखू या

आपल्याकडे 'लाखकाम' म्हटलं की सावंतवाडीची खेळणी किंवा लाखेच्या बांगड्या आठवतात. ती लाख एका किड्याच्या स्रावापासून होते. ब्रह्मदेशातलं रोगण वेगळं. ते झाडाचा चीक असतो. झाडाचं शास्त्रीय नाव ग्लुटा उसिटाटा, आणि चिकाला तिथे 'थित्सी' म्हणतात. शान प्रांतातल्या जंगलात खोडाला चिरा देऊन हा चीक गोळा करतात. हे झाड आंबा, काजू आणि आपला बिब्बा यांच्याच कुळातलं आहे. बिब्बा उततो तसाच ताजा थित्सीही अंगावर उततो, पुरळ येतं, फोड येतात. पूर्ण वाळून कडक झालेल्या जुन्या थराचा असा त्रास सहसा होत नाही. मात्र नुकतंच रोगण चढवलेली किंवा नुकतीच डागडुजी केलेली वस्तू हाताळायची असेल, तर हातमोजे घाला.

चीक झाडातून निघतो तेव्हा फिकट असतो, हवा लागली की काळा पडतो. तो उन्हात वाळत नाही. त्याला दमट आणि अंधारी जागा लागते, कारण तो कडक होतो तो हवेतल्या प्राणवायूशी आणि ओलाव्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. रोगणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या बगानचा मुलूख कोरडा, म्हणून तिथले कारागीर वस्तू तळघरात ठेवतात. एका थराला कित्येक दिवस लागतात. तो वाळला की घासायचा, मग पुढचा थर. उत्तम प्रतीची वस्तू पुरी व्हायला कित्येक महिने जातात.

आत असतो बांबू. बांबूच्या बेळा काढून टोपली विणतात किंवा पातळ पट्ट्या गोल गोल गुंडाळून डबा उभा करतात. त्यावर चिकाचा पहिला हात फिरला की सगळा आकार ताठ होतो. मग चीक आणि राख किंवा लाकडाचा भुसा यांचं घट्ट मिश्रण चोपडून वीण बुजवतात. त्याला 'थयो' म्हणतात. आपल्याकडे कणगी शेणमातीने सारवून धान्यासाठी घट्ट करतात, त्यामागचा हेतू हाच. काही टोपल्यांत वीण मुद्दाम दिसती ठेवलेली असते, आत-बाहेर चिकाचे दोन-तीन हात आणि एवढंच. या लेखात मी मुख्यतः अशा टोपल्यांबद्दल लिहितो आहे. सोनेरी वर्ख लावलेल्या, कोरीव कामाच्या डब्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. रोजच्या कामाच्या टोपल्यांकडे मात्र संग्राहकांचं लक्ष कमी, आणि मला त्याच जास्त मोलाच्या वाटतात.

बाजारात साधारण काय काय दिसतं, तेही सांगतो. 'कुन-इत' म्हणजे विड्याचा उभा गोल डबा, आत एक किंवा दोन तबकं. 'सून-ओक' म्हणजे विहारात अन्नदान घेऊन जायचं, वर निमुळत्या शिखराचं झाकण असलेलं भांडं. काळ्या चिकाच्या साध्या, दणकट वस्तू मोन्यवाजवळच्या चौक्का गावच्या. कोरून रंग भरलेलं 'युन' काम मुख्यतः बगानचं. सोन्याच्या वर्खाचं काम ते 'श्वेझवा'. आणि मग धान्याच्या विणीच्या टोपल्या. त्यांतल्या काही मापाच्या असतात. तिथलं धान्याचं मोठं माप 'तिन', आणि सोळा 'प्यी' म्हणजे एक तिन. भाताचा एक तिन 46 पौंडांचा, म्हणजे 21 किलोला थोडा कमी. एका तिनाचं घनफळ धरलं जातं सुमारे 41 लिटर, एका प्यीचं सुमारे अडीच लिटर. जाहिरातीत 'राइस मेझर' लिहिलेलं असेल, तर आतला व्यास आणि खोली मागवून घनफळ काढा. ते एखाद्या मापाच्या जवळपास आलं, तर त्या दाव्याला थोडा आधार मिळतो.

पहिली पायरी: फोटो मागवा

विक्रेत्याला पुढचे फोटो मागा, आणि त्याने टाळाटाळ केली तर तिथेच थांबा. बूड, पूर्ण. आतला तळ. काठाचा जवळून फोटो, चारही बाजूंनी. झाकण असेल तर ते काढून, दोन्ही बाजूंनी. एका बाजूने तिरपा टॉर्च मारून काढलेला एक फोटो. या उजेडात उकललेले थर, बुजवलेले खड्डे आणि नव्याने रंगवलेल्या जागा उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो. आणि वजन, ग्रॅममध्ये.

वजनाचं महत्त्व फार आहे. विणलेला बांबू आणि चीक मिळून वस्तू आकाराच्या मानाने आश्चर्य वाटावं इतकी हलकी असते. हातभर उंचीचा डबा जड लागत असेल, तर आत लाकूड, कागदाचा लगदा किंवा रेझिन असण्याची शंका घ्या.

यासोबत एक साधा प्रश्न विचारा: ही तुमच्याकडे कुठून आली? उत्तरात तपशील असले पाहिजेत: कोणत्या कुटुंबाकडून, कोणत्या लिलावातून, साधारण कधी. आपल्याकडे याबाबत जरा जास्तच सावध राहायला हवं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला 1885 साली पदच्युत करून इंग्रजांनी हिंदुस्थानात आणलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत ठेवलं, 1916 साली तो तिथेच वारला आणि 1919 मध्ये राणी सुपयालत परत रंगूनला गेली. एवढा इतिहास खरा आणि सर्वांना ठाऊक. म्हणूनच 'ही थिबा पॅलेसमधली' असं म्हणून किंमत चढवणं सोपं जातं. कागद असेल तर ऐका, नाहीतर टोपलीची किंमत टोपलीइतकीच धरा. त्याहून कितीतरी साधा आणि विश्वास ठेवण्याजोगा मार्ग म्हणजे ब्रह्मदेशात नोकरी-व्यापार केलेली कुटुंबं. 1937 पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता, आणि 1942 च्या युद्धात व पुन्हा 1960 च्या दशकात असंख्य भारतीय कुटुंबं तिथून परतली. अशा घरातला जुना फोटो, पत्र, बोटीचं तिकीट यांतलं काही टोपलीसोबत मिळालं तर ते जपून ठेवा.

दुसरी पायरी: हातात घेऊन बघा

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसा. जवळ एक भिंग, छोटा टॉर्च, मऊ ब्रश आणि पांढरा कागद ठेवा. टोपली काठाला धरून उचलू नका, एक हात बुडाखाली घाला. जुना काठ वेताने बांधलेला असतो आणि तो वेत ठिसूळ झालेला असतो.

बुडापासून सुरुवात करा. वापरलेली टोपली जमिनीवर जिथे टेकते, तिथलाच चीक झिजलेला असतो: कडेला, पायांच्या टोकांना. झीज गुळगुळीत असते, तिच्या कडा पुसट होत गेलेल्या असतात आणि खाली उघडा पडलेला बांबू तपकिरी, मळकट, हात फिरून चकचकीत झालेला दिसतो. मुद्दाम जुनी केलेली वस्तू सॅंडपेपरने घासलेली असते. तिथे भिंगातून समांतर ओरखडे दिसतात, झीज जमिनीला न टेकणाऱ्या भागावरही असते आणि उघडा बांबू पिवळसर, ताजा असतो. कधी त्यावर बूट-पॉलिश चोळलेलं असतं. पांढरा कोरडा कपडा हलकेच टेकवा, रंग उतरला तर कारण विचारा.

मग काठ. वेताची बांधणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या रंगाची आहे का? एखाद्या ठिकाणी नवा वेत, तार, खिळा किंवा नायलॉनचा दोरा आहे का? दुरुस्ती असणं वाईट नाही. शेतकऱ्याने स्वतः गाठ मारून वापरात ठेवलेली टोपली मी बिनदोष टोपलीपेक्षा आनंदाने घेईन. पण विक्रीसाठी नुकतीच केलेली दुरुस्ती आणि जुन्या वापरातली दुरुस्ती यांत फरक आहे, आणि तो रंगावरून व साचलेल्या धुळीवरून कळतो. वीणही निरखून बघा. हाताने काढलेल्या बेळांची रुंदी थोडी कमीजास्त असते. यंत्राने कापलेल्या पट्ट्या एकसारख्या येतात.

आतली बाजू अनेकजण बघतच नाहीत. धान्याच्या टोपलीत तळाच्या खाचांत बारीक कोंडा, भुसा, काळपट थर बसलेला असतो. विड्याच्या डब्यात चुन्याचे पांढुरके डाग आणि काताचा लालसर तपकिरी रंग असतो. बाहेरून शंभर वर्षांची आणि आतून कोरी करकरीत, अशी टोपली असू शकते, पण मग ती कशासाठी वापरली गेली याचं उत्तर विक्रेत्याकडे हवं.

झाकण हा फसगतीचा नेहमीचा मुद्दा. एका टोपलीचं झाकण फुटतं, दुसऱ्या झाकणाची टोपली सडते, आणि व्यापारी दोघांची जोडी जमवतो. चिकाचा रंग, काठाची जाडी, नक्षीतल्या रेघांचा हात, आतल्या बाजूचा काळेपणा ही सगळी लक्षणं दोन्हीकडे जुळली पाहिजेत. झाकण अडकत असेल तर जोर लावू नका. हवेतल्या ओलाव्याने बांबू फुगतो, कोरड्या दिवशी तेच झाकण सहज निघेल.

वास घ्या. जुन्या वस्तूला धुळीचा, लाकडाचा, कधी धुराचा वास असतो. झाकण उघडताच तीव्र रंगाचा किंवा थिनरचा वास आला, तर काम नवीन आहे.

नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च मिळतो, तो इथे फार उपयोगी पडतो. खोलीत अंधार करून तो टोपलीवर फिरवा. किड्याच्या लाखेचं पॉलिश असेल तर ते नारिंगी चमकतं. अनेक आधुनिक गोंद आणि रंग निळसर-पांढुरके चमकतात. जुना थित्सी मात्र बहुतेक काळपटच राहतो. एखादाच ठिपका चमकला तर तिथे दुरुस्ती आहे. सगळी टोपली नारिंगी दिसली, तर तिच्यावर कोणीतरी नंतर पॉलिश फिरवलं आहे. स्पिरिट, ॲसिटोन, लिंबू, पाणी यांनी कुठलीही 'परीक्षा' घेऊ नका. एका ठिपक्याचं नुकसान कायमचं राहतं, आणि वस्तू अजून तुमची झालेली नसते.

शेवटी पांढऱ्या कागदावर टोपली उभी करून बोटाने हलकेच टिचक्या मारा. पिठासारखी बारीक भुकटी पडली, तर आत पोखरणारा भुंगा जिवंत असण्याचा दाट संभव आहे. बारीक गोल छिद्रं असूनही भुकटी पडत नसेल, तर प्रादुर्भाव बहुधा जुना आहे.

तिसरी पायरी: वय ठरवताना हात आखडता घ्या

'एकोणिसाव्या शतकातली' हा शब्दप्रयोग फार स्वस्त झाला आहे. उष्ण, दमट हवेत आणि किड्यांच्या राज्यात बांबूच्या वापरातल्या टोपल्या फार काळ टिकत नाहीत, आणि बाजारात येणाऱ्या बहुसंख्य वस्तू विसाव्या शतकातल्या असतात. त्यात कमीपणा काही नाही. पन्नास-साठ वर्षांची चांगली टोपली ही चांगलीच टोपली. फक्त किंमत त्या वयाची द्या.

लेख कोरलेला असेल तर मोठा आधार मिळतो. बर्मी डब्यांवर कारागिराचं, मालकाचं किंवा दात्याचं नाव आणि कधी वर्षही असतं. बर्मी अंक गोलाकार असतात, शून्य आपल्यासारखंच. त्या वर्षात 638 मिळवले की इसवी सन येतं: 1265 लिहिलेलं असेल तर 1903. त्यांचं नवं वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, म्हणून एखादं वर्ष इकडेतिकडे होऊ शकतं. तळाला चिकटवलेली चिठ्ठीही बोलते. 'युनियन ऑफ बर्मा' हे नाव 1948 ते 1974 या काळातलं, आणि इंग्रजीत 'म्यानमार' हे अधिकृत नाव 1989 नंतरचं. बगानला रोगणकामाची सरकारी शाळा 1924 साली निघाली, तेव्हा शाळेचा उल्लेख असलेली वस्तू त्याआधीची असणार नाही.

देशाबाबतही सावध राहा. उत्तर थायलंडमध्येही याच झाडाचा चीक वापरतात, त्यामुळे नुसत्या चिकावरून वस्तू बर्मी आहे असं म्हणता येत नाही. आकार, वीण, नक्षी आणि लेख यांवरून ठरतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बर्मी रोगणकामाचा मोठा संग्रह आहे आणि त्याचे फोटो इंटरनेटवर खुले आहेत. तुमच्या टोपलीचा जुळा तिथे सापडतो का, हे शोधायला एखादी संध्याकाळ द्याच.

चौथी पायरी: कायदा

म्यानमारच्या 2015 च्या पुरातन वस्तू संरक्षण कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तू संरक्षित आहेत आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून तिथून थेट पाठवणारा विक्रेता 'दीडशे वर्षांची' म्हणत असेल, तर एकतर वय खोटं आहे किंवा वस्तू बाहेर काढण्याचा मार्ग बेकायदा आहे. दोन्ही परिस्थितींत नको म्हणा. विहारांतून आलेल्या वस्तूंबाबत, म्हणजे दात्याचं नाव कोरलेले सून-ओक, हस्तलिखितांच्या पेट्या यांबाबत, मी तर कागदांशिवाय बोलणीच करणार नाही. त्या कोणीतरी धर्मासाठी दिलेल्या वस्तू आहेत.

भारतात 1972 चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा लागू होतो. किमान शंभर वर्षं जुनी कलावस्तू त्यात 'पुरावशेष' ठरते, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष परदेशी पाठवता येत नाही. याचा फटका घरच्या वस्तूंनाही बसू शकतो. आजीची ब्रह्मदेशातून आलेली टोपली मुलीकडे अमेरिकेला पाठवायची असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. परदेशातून मागवत असाल, तर कस्टम्सच्या कागदावर खरं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा. 'गिफ्ट' लिहून पाठवतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पाचवी पायरी: भाव आणि प्रवास

विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती पाहून अंदाज बांधू नका. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर प्रत्यक्ष किती रकमेला विकल्या गेल्या, ते आकडे बघा. वर्खाच्या आणि बारीक युन कामाच्या वस्तू महाग, साध्या विणीच्या टोपल्या त्यामानाने बऱ्याच स्वस्त. जुळवलेलं झाकण, नवा रंग, जिवंत कीड, उडालेला चीक या प्रत्येकासाठी भाव उतरवून मागा. केसासारख्या बारीक भेगांसाठी फार घासाघीस करू नका, त्या वयाबरोबर येतातच.

पाठवताना झाकण वेगळं गुंडाळायला सांगा. वस्तूला लागून आधी मऊ पांढरा टिश्यू, त्यानंतरच फुग्यांचं प्लॅस्टिक. ते प्लॅस्टिक थेट चिकाला टेकलं तर उष्णतेत त्याचे गोल ठसे उमटू शकतात. वर्तमानपत्राची शाई लागते, तेही नको. एका खोक्यात दुसरं खोकं, मधे भरपूर भरण.

घरी आल्यावर

पहिले काही आठवडे टोपली पारदर्शक पिशवीत बंद करून, पांढऱ्या कागदावर, इतर लाकडी सामानापासून दूर ठेवा आणि भुकटी पडते का बघत राहा. कीटकनाशक फवारू नका. कीड दिसली तर संग्रहालयांसाठी काम करणाऱ्या जतनतज्ज्ञाला विचारा. ते प्राणवायू काढून टाकून कीड मारतात, आणि चिकाला धक्का लागत नाही.

जागा निवडताना ऊन आणि झोत या दोन गोष्टी टाळा. उन्हाने चिकाची चकाकी जाते, पृष्ठभागावर अतिसूक्ष्म भेगा पडतात, आणि मग साध्या पाण्याच्या थेंबानेही पांढरा डाग उमटतो. एसीच्या कोरड्या झोतात बांबू आकसतो, वरचा कडक थर आकसत नाही, म्हणून तो सुटून उडतो. हवेतली आर्द्रता 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम. एक साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. नागपूर-सोलापूरकडच्या मे महिन्यात टोपली आतल्या खोलीच्या बंद कपाटात बरी. कोकणातल्या पावसाळ्यात उलट: बाहेरच्या ओलसर भिंतीपासून दूर, थोडी हवा खेळेल अशी ठेवा आणि बुरशी येते का ते आठवड्याला बघा. सिलिका जेलच्या पुड्या भरून टोपली कोरडीठाक करू नका.

साफसफाई मऊ ब्रशने, कोरडी. खोबरेल, तिळाचं तेल, फर्निचरचं पॉलिश यांतलं काहीही लावू नका. चार दिवस चमक येते, मग त्यावर धूळ चिकटते आणि पुढची दुरुस्ती अवघड होते. उडालेला तुकडा फेविकॉल किंवा एम-सीलने चिकटवण्यापेक्षा तो कागदाच्या पुडीत घालून, कुठला ते लिहून, टोपलीसोबतच ठेवा.

आणि तिच्यात खायचं काही ठेवू नका. पारंपरिक लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याचा असतो, आणि पिवळा हरताळाचा, म्हणजे आर्सेनिकचा. चीक शाबूत असेपर्यंत ते आत बांधलेले असतात, पण उडू लागलेल्या जुन्या थराखालच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागीही ती नको, आणि हाताळून झालं की हात साबणाने धुवा.